घाणेवाले आबा

आबा कामठे मोबाईलवर लिहीत नाहीत, बोलतात. आणि बोलायच्या आधी विचारतात, "येतोय का आवाज?" विचारून थांबतात. रेकॉर्डिंग चालूच असतं. त्या शांततेत मागे घाण्याची करकर ऐकू येते, एखादं कुत्रं भुंकतं, लांबून टँकरचा हॉर्न येतो. मग आबाच स्वतःशी "येतोय. बरं का मंडळी," असं म्हणून मुद्द्याला हात घालतात. आवाज येतोय हे त्यांना कोणी सांगितलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी एकदा त्यांना समजावायला गेलो. म्हटलं, "आबा, हा फोन नाही. हा निरोप आहे. तुम्ही बोलत असता तेव्हा पलीकडे कोणीच नसतं."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "आसं हाय व्हय," म्हणाले. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पुढचा निरोप आला. "येतोय का आवाज?... अ‍ॅडमिन म्हंत्यात, पलीकडं कोन नस्तंय. पर इचारलेलं बरं."

अ‍ॅडमिन म्हणजे मी. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला गैरहजर राहिल्याबद्दल मला हे पद एकमताने देण्यात आलं. सोसायटी धायरीत आहे. नाव मेडो व्हिस्टा. नावात कुरण आहे, प्रत्यक्षात पार्किंग आहे. आबा तिला 'मेडूविष्टा' म्हणतात. आमच्या ए विंगमधले परांजपेकाका, ज्यांना दुसऱ्याचं काहीही चुकलं की बरं वाटतं, त्यांनी एकदा भर गेटवर त्यांना दुरुस्त केलं होतं.

"व्हिस्टा. व्हि-स्टा."

"त्येच म्हंतोय की," आबा म्हणाले. "विष्टा."

काकांनी त्यानंतर प्रयत्न केला नाही.

या ग्रुपवर आबा आले कसे, तर हक्काने. आमच्या तीन इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती कामठ्यांची. जमीन देताना व्यवहारात आबांना ए विंगमधले दोन फ्लॅट मिळाले. ते त्यांनी भाड्याने दिलेत, आणि स्वतः मागच्या गल्लीत बंगला बांधून राहतात. पण फ्लॅटमालक ग्रुपचा सभासद असतो, त्यामुळे आबा सभासद. धायरीत कामठे इतके आहेत, की कोणाचं कोण हे आम्ही बाहेरून आलेले लोक विचारायच्या फंदात पडत नाही.

बंगला मोठा आहे. मुलाचं बांधकाम साहित्याचं दुकान जोरात चालतं. तो वडिलांना एकच सांगतो, आराम करा. याबद्दल आबांची तक्रार फार साधी आहे. "आराम करा म्हंतो. करतो की. पर आराम म्हंजी नक्की काय करायचं आस्तंय, ते कुनी सांगत न्हाय."

शेवटी त्यांनीच ठरवलं. मुलाची गाडी रस्त्यावर काढायला लावली आणि बंगल्याच्या पार्किंगमध्ये मोटारीवर चालणारा लाकडी घाणा बसवला. शेंगदाणा, करडई, खोबरं. वयाची सत्तरी गाठल्यावर माणसाने धंदा काढला, आणि धंदा म्हटला की जाहिरात आली.

पहिली जाहिरात आमच्या ग्रुपवर झाली. "शेंगदान्याचं तेल हाय. करडईचं हाय. खोबऱ्याचं हाय. ज्याला पायजे त्यानं सांगा. ज्याला नको त्यानं बी सांगा, म्हंजी मला कळंल."

आता पुण्यातल्या माणसाला नकार देण्याचं इतकं अगत्याचं आमंत्रण कधी मिळत नाही. दिवसभर ग्रुपवर 'नको' येत राहिलं. कोणी 'नको, धन्यवाद.' कोणी 'नकोच.' परांजपेकाकांनी 'अनावश्यक' असं लिहून पूर्णविराम दिला. मला वाटलं, आबांचं मन मोडलं असेल. दुसऱ्या दिवशी गेटवर भेटले तर खुशीत होते.

"बघितलंत का अ‍ॅडमिन? सगळ्यांनी ऐकलं!"

आबांना या विद्येत पारंगत केलं ते पूनमने. पूनम अमरावतीची. बी विंगमध्ये दोन मैत्रिणींबरोबर राहते, हिंजवडीला नोकरी करते, आणि घरच्यासारखं तेल मिळालं म्हणून आबांची पहिली गिऱ्हाईक झाली. तिने आबांना माझ्यासमोर पाठ दिला.

"असं डायरेक्ट तेल घ्या, तेल घ्या नाही करायचं जी आबा. आधी वेगवेगळ्या ग्रुपमध्ये जायचं, चर्चेत भाग घ्यायचा, लोकांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. ओळख झाली, की मग हळूच प्रॉडक्टचं नाव घ्यायचं. त्याला एंगेजमेंट म्हणतात."

"एंगेजमेंट म्हंजी साखरपुडा," आबा म्हणाले.

"हो, पण इथे..."

"कळलं. आधी साखरपुडा, मग तेल."

हे त्यांचं ब्रीदवाक्य झालं. पूनमने त्यांना पंधरा-वीस ग्रुपांत घातलं आणि आबा साखरपुड्याला बाहेर पडले.

सायकलप्रेमींच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, चेनला कुठलं तेल वापरावं. आबा म्हणाले, आपलं शेंगदाण्याचं हाय. शेअर बाजाराच्या ग्रुपवर गंभीर चर्चा चालली होती, की जगात तेलाचे भाव पुढे कुठे जातील. आबांनी सांगितलं, "आपल्याकडं कुटं जात न्हाईत. हाय त्योच भाव हाय. गिऱ्हाइकाला फसवायचं न्हाय." तिथून त्यांना लगेच काढलं. हिंजवडीच्या वाहतूककोंडीच्या ग्रुपवर मात्र ते टिकले. तिथे कंपनीच्या बसमध्ये अडकलेली मुलं संतापून लिहीत असतात, आणि मधूनच आबांचा आवाज येतो, "येतोय का आवाज? चिडू नका. चिडून गाडी फुडं जात न्हाय. घरी गेल्याव टाळूला खोबरेल लावा. आपलंच पायजे आसं न्हाय. हाय मातूर आपलं चांगलं." तिथून त्यांना इतक्या ऑर्डरी आल्या, की पूनमने तो ग्रुप कंपनीत उदाहरण म्हणून दाखवला.

सगळ्यात घोळ झाला तो नव्या आयांच्या ग्रुपवर. आबांच्या खात्याला फोटो गुलाबाच्या फुलाचा होता, त्यामुळे त्यांना आत घेताना कोणाला काही वाटलं नाही. एका मुलीने लिहिलं, बाळ मालिश करताना फार रडतं. त्याबरोबर सत्तरीतल्या बाप्याचा घोगरा आवाज त्या ग्रुपवर उमटला. "येतोय का आवाज? बाळाला तेल लावताना बोलत ऱ्हावा, पोरी. काय बी बोला. भाजीला काय केलं ते सांगा. लेकराला आपला आवाज आला, की त्ये भ्यात न्हाय. तेलाचं काय न्हाय, कुठलं बी लावा."

थोडी खळबळ झाली. मग मुलींनी त्यांना ठेवून घेतलं. आजही आबा त्या ग्रुपवर एकटे पुरुष आहेत आणि तिथे त्यांना रोज कोणी ना कोणी काहीतरी विचारत असतं.

"पण यात आपल्या तेलाचं नाव कुठं घेतलं आबा?" पूनमने विचारलं.

आबांनी कपाळाला हात लावला. "ऱ्हायलंच की."

जाहिरातीत आबा वाकबगार झाले, पण विक्रीत नाही. तेल द्यायला ते स्वतः जात. कुरियर नको, नोकर नको. जुन्या स्कूटरवर पायाशी डबे ठेवून यायचे, बेल वाजवायचे, आत येऊन टेकायचे आणि पाणी मागायचे. चहा विचारला तर नाही म्हणायचे. मग घरातली चौकशी. आमच्या मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, पहिला लिटर संपवून लगेच दुसरा मागवला, तेव्हा आबा आले, बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "न्हाय देनार."

"का हो आबा?"

"मान्सं किती घरात?"

"दोनच."

"दोन मान्सं आन एवढ्यात संपलं? तळण लई करता तुमी, ताई. पंधरा दिसांनी फोन करा."

मंजिरी कोथरूडची. गिऱ्हाइकाचा अपमान ही गोष्ट तिला लहानपणापासून ठाऊक आहे, पण तो काउंटरच्या पलीकडून होतो. घरी येऊन, सोफ्यावर बसून, आपल्याच घरचं पाणी पिऊन कोणी करेल असं तिला वाटलं नव्हतं. ती दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवसापासून आमच्याकडे भजी बंद झाली ती झालीच.

पत्ता सांगण्याची आबांची पद्धतही आपली आपली. ए विंग, सी विंग असं ते म्हणत नाहीत. ए विंग म्हणजे कांद्याचं वावर. सी विंग म्हणजे ज्वारी. क्लब हाऊस म्हणजे गोठा. क्लब हाऊसमध्ये सोसायटीची व्यायामशाळा आहे. आबा एकदा काचेतून आत बघत उभे राहिले, पट्ट्यावर धावणाऱ्या माणसांकडे. "आमची बैलं दावनीला शांत उभी ऱ्हायची हितं," म्हणाले. "ही मान्सं बांधलेली बी न्हाईत, तरी जागच्या जागी पळत्यात."

बी विंगचं मात्र ते काही म्हणत नसत. बी विंगच्या ऑर्डरी पूनम खाली येऊन घेऊन जायची आणि वर वाटायची. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, तिथली लिफ्ट बंद असते म्हणून.

इकडे ग्रुपवर परांजपेकाकांचा संयम संपत आला होता. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आहेत, पण कचेरी काकांमधून निवृत्त झालेली नाही. त्यांचे निरोप मुद्द्यांना क्रमांक घालून येतात. त्यांनी मुद्देसूद लिहिलं, की ग्रुप कामापुरता आहे; तेल हे काम नाही; सबब जाहिरातींना फक्त रविवारी परवानगी असावी. बऱ्याच जणांनी होकाराचे अंगठे दाखवले. मी नियम लावला.

आबांनी नियम मनापासून पाळला. सोमवारी सकाळी निरोप आला. "येतोय का आवाज? आज सोमवार. आज तेलाचं बोलायचं न्हाय, म्हनून बोलत न्हाय. मागं घाना चालू हाय, त्यो आवाज आला तर ती जाहिरात समजू नये."

काकांनी लिहिलं, 'हीसुद्धा जाहिरातच आहे.'

"काकांनी बराबर वळखलं," आबांचा निरोप आला. "काका, गुडघा कसा हाय? त्याला काय लावायचं ते ठावं हाय मला. रविवारी सांगतो."

मंगळवारी, बुधवारी असंच झालं. गुरुवारी काकांनी मागणी केली, की आता मतदान घ्या. आबांना ग्रुपवर ठेवावे की काढावे. मी टाळायचा प्रयत्न केला, पण आमच्या सोसायटीत एकदा कोणी 'मतदान' हा शब्द उच्चारला, की माघार नसते. पाण्याच्या प्रश्नाला न येणारे लोक मतदानाला येतात. मी प्रश्न टाकला आणि फोन उलटा करून ठेवला.

संध्याकाळी बघितलं, तर 'ठेवावे'कडे पारडं पार झुकलं होतं. आणि तिथे परांजपेकाकांचंही नाव होतं. खाली त्यांची टीप होती. 'माझा आक्षेप नियमभंगाला आहे, इसमाला नाही.'

मी आबांना कळवायला फोन उचलतोय, तोच दारावर बेल वाजली. आबाच होते. डबा नाही, पिशवी नाही. नुसतेच आले. बसले, पण पाणी मागितलं नाही.

"निवडून आलात आबा," मी म्हटलं.

"त्ये पूनमनं सांगितलं." ते जरा पुढे सरकले. "अ‍ॅडमिन, कुनी काय मत दिलं त्ये दिसतं व्हय त्यात?"

"दिसतं की."

"बघा बरं. शंकर कामठे हाय का. बी सातशे दोन."

मी बघितलं. शंकर कामठे ग्रुप सुरू झाल्यापासून होते, पण त्यांनी आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. वाढदिवसाला फूल नाही, सणाला दिवा नाही. कामठे आडनावाचे कोणीतरी, इतकंच मला माहीत.

"आहे. 'ठेवावे'."

"दाखवा."

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. बाकीची नावं त्यांनी वाचलीच नाहीत. त्या एका नावावर बोट ठेवलं, तसा स्क्रीन हलला, नाव वर सरकलं. त्यांनी घाबरून फोन माझ्याकडे दिला. "गेलं का त्ये? पुसलं का मी?"

"नाही आबा. आहे तिथेच आहे."

"भाऊ हाय माजा," आबा म्हणाले. "धाकला."

मंजिरी आतून पाणी घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

आबांनी जे सांगितलं ते फार मोठं नव्हतं. जमीन द्यायची ठरली तेव्हा आबा म्हणत होते, एक तुकडा ठेवू. शंकर म्हणत होता, द्यायची तर सगळी देऊ, तुकडा ठेवून बघत बसायचं काय. दोघं भाऊ आयुष्यात कधी एकमेकांशी चढ्या आवाजात बोलले नव्हते, ते त्या दिवशी बोलले. घरातल्या बायका मध्ये पडल्या, पण मोठ्याने बोलायची सवय नसल्यामुळे थांबायचं कुठे हे दोघांनाही कळलं नाही. पुढे सगळी जमीन गेली. शंकरने बी विंगमध्ये फ्लॅट घेतला, आबांनी मागे बंगला बांधला.

"तुकड्यावरनं भांडलो," आबा म्हणाले. "शेवटाला तुकडा बी गेला. भांडान तेवढं ऱ्हायलं."

"मग बोलत का नाही तुम्ही?"

"काय बोलू? त्यो बोलत न्हाय म्हनून मी बोलत न्हाय. मी बोलत न्हाय म्हनून त्यो." मग जरा हसल्यासारखं करून म्हणाले, "बाकीच्या ग्रुपात तेल इकायला जातो, अ‍ॅडमिन. हितं... हितं आपलं बोलतो."

ते उठले. दाराशी जाऊन चपला घालता घालता म्हणाले, "मत दिलं त्यानं. आँ?" आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरायला लागले.

त्यानंतर काही दिवस ग्रुपवर नेहमीसारखं चाललं होतं. दिवाळी जवळ आली तशा ऑर्डरी वाढल्या. तळणाचे दिवस असल्यामुळे आबांनीही माणशी तेलाचा हिशेब जरा सैल केला होता. एका रविवारी कोणी दोन लिटर मागत होतं, कोणी तीन, आणि प्रत्येकाला आबांचा लगोलग आवाज जात होता, "हाय. आनतो." त्या गर्दीत एक ओळ आली.

'शेंगदाणा एक लिटर. बी ७०२. शंकर कामठे.'

आणि आबांचा आवाज बंद झाला. पुढच्या ऑर्डरी आल्या, त्यांनाही उत्तर नाही. सी विंगमधल्या कोणीतरी विचारलं, आबा, आमचं काय? उत्तर नाही.

थोड्या वेळाने मला खालून हाक आली. "ओ अ‍ॅडमिन!" आबा कधी फोन करत नाहीत, पार्किंगमधून हाक मारतात. मी गेलो. स्कूटरपाशी उभे होते. हातात स्टीलचा डबा. आबांचं तेल स्टीलच्या डब्यात येतं. प्लास्टिकच्या बाटलीत भरायला ते तयार नसतात. तेल आपल्या भांड्यात ओतून घ्यायचं आणि डबा आबांना परत द्यायचा. हा डबा मात्र नवा कोरा होता. झाकणावरची किमतीची चिकटपट्टी अर्धवट निघालेली.

"वर दिऊन येता का?"

"मी? आबा, तुम्ही कोणाला हात लावू देत नाही डब्यांना."

"जिना लई हाय."

"लिफ्ट आहे."

आबांनी डबा पुढे केला. मी डबा घेतला.

सातव्या मजल्यावर दार उघडलं ते शंकररावांनीच. नाक तेच, कान तेच, भुवया त्याच. फक्त आबा बोलतात आणि हे बोलत नव्हते. त्यांनी मला आत घेतलं, डबा घेतला, झाकण उघडलं. दोन थेंब तळहातावर घेतले, दुसऱ्या हाताने चोळले, आणि ओंजळ नाकाशी धरून बराच वेळ बसले.

"शेंगा कुठल्या?"

"मला कल्पना नाही. आबांना विचारून..."

"त्याला ठावं हाय त्ये मला ठावं हाय. तुमाला इचारलं."

मला नाही ठावं असं पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या. डोक्यावरचा पदर सावरत हळूच म्हणाल्या, "भावजी बरे हायेत का? खाली आल्यात का?"

मी मान हलवली. शंकरराव उठले आणि गॅलरीत गेले. मीही मागे गेलो. खाली पार्किंगमध्ये स्कूटर दिसत होती आणि स्कूटरपाशी आबा. ते सीट पुसत होते. पुसून झाल्यावर पुन्हा पुसत होते. वर बघत नव्हते.

"केस पार गेलं की ह्याचं," शंकरराव म्हणाले.

मी कामाचं बोललो. "तेल ओतून घेता का? डबा परत द्यायचा असतो. नाहीतर राहू दे, रिकामा झाला की मी येऊन घेऊन जातो."

"तुमी नगं," शंकरराव म्हणाले. "ज्याचा डबा, त्यानं यावं."

मी खाली आलो. आबांनी सीट पुसायचं फडकं हातातच धरलं होतं. मी त्यांना शब्दन् शब्द सांगितला. केसांचं तेवढं गाळलं. त्यांनी ऐकलं. चेहरा हलला नाही. धंद्याचंच काहीतरी बोलावं तसं म्हणाले, "रिकामा कवा व्हनार?"

"ते नाही बोलले."

"एक लिटर. दोन मान्सं." ते मनाशी हिशेब करत राहिले. "म्हैना लागंल की वो."

"लागेल."

"म्हैना लई झाला," आबा म्हणाले. फडकं घडी करून डिकीत ठेवलं आणि स्कूटरला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरूनच काम करणार होतो. दूध आणायला खाली उतरलो, तर बी विंगच्या लिफ्टपाशी आबा उभे. धुतलेला पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, निघून गेली. आबा तिथेच. मला बघितल्यावर मी काही विचारायच्या आत म्हणाले, "डबा गळका हाय का काय, बघाय चाललो. नवा हाय ना. नव्याचा भरवसा नस्तो."

"बघून याच," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

मी दूध घेऊन परत आलो तेव्हा पार्किंगमध्ये परांजपेकाका मान वर करून उभे होते. सातव्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू येत होता. दोन-तीन जण खिडक्यांतून डोकावत होते. म्हटलं, झालं, पुन्हा जुंपली.

"चिंच हितं व्हती! त्या पांढऱ्या गाडीच्या जागी!" हा आबांचा आवाज.

"पांढऱ्या न्हाय, लाल! लाल गाडी बघ!"

"तुला काय ठावं! तू केवढा व्हतास तवा?"

"मला ठावं न्हाय? पडलो व्हतो मी त्या झाडावरनं! कुटं पडलो त्ये मला ठावं नसंल व्हय?"

"पडलास तवा उचलला कुनी? मी उचलला! म्हंजी मला जास्त ठावं!"

गॅलरीच्या कठड्यावर दोन डोकी पुढे झुकली होती आणि दोन हात खालच्या गाड्यांकडे रोखलेले होते. मागे दारात शंकररावांच्या पत्नी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. हसत होत्या की काय, एवढ्या उंचीवरून कळत नव्हतं.

"लाल गाडी माझी आहे," परांजपेकाका म्हणाले. मला नाही, कोणालाच नाही. मला वाटलं, आता क्रमांक घालून काहीतरी येणार. काकांनी खिशातून किल्ली काढली, गाडीत बसले, आणि त्यांना फार वेळ लागतो तसा वेळ लावून गाडी मागे घेतली.

गाडीखाली काय असणार. फरशा होत्या. एका फरशीवर तेलाचा जुना डाग होता, बाजूच्या सांध्यातून थोडं गवत वर आलं होतं. आम्ही दोघे खालून बघत होतो, ते दोघे वरून.

"हितंच," आबा म्हणाले.

"मग मी काय म्हंतोय," शंकरराव म्हणाले. "हितंच."